दाजींची एकाग्रता

माझे दाजी एकशे चौदावरून अठ्ठ्याऐंशीवर आले तेव्हा मला फार आनंद झाला, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. साफ खोटं. मला धक्का बसला होता. गोल्फमध्ये जितके फटके कमी तितका खेळाडू मोठा, आणि दाजींनी माझ्यापेक्षा फक्त वयाने आणि नात्याने मोठं असावं, खेळात नव्हे, अशी आमची अकरा वर्षांची वहिवाट होती.

गोल्फ म्हटलं की लोकांना पांढरे बूट आणि मोठाल्या गाड्या दिसतात. आमचं तसलं काही नाही. दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, बस डेपोत मेकॅनिक. डेपोच्या भिंतीपलीकडे नगरपालिकेचं नऊ होलचं मैदान आहे, दोन फेऱ्या मारल्या की अठरा होतात. तिथलं गवत कापायचं यंत्र एकदा बंद पडलं, ते दाजींनी भिंत ओलांडून चालू करून दिलं, आणि त्याबद्दल त्यांना दर रविवारी खेळायची मुभा मिळाली. एकटं काय खेळायचं म्हणून त्यांनी मला ओढून नेलं.

माझं केस कापायचं दुकान. माझा जन्म उभ्याने बोलण्यात गेलेला. आणि मैदानावरचा पहिला नियम काय, तर समोरचा चेंडू मारायला वाकला की चिडीचूप. मी नियम पाळायचो. फक्त दाजींची स्टिक मागे गेली की मला हलकासा खोकला यायचा. चेंडू थेट झाडीत.

"मेव्हण्या, तुझ्या घशाला नेमका आत्ताच काय रोग होतो रे?"

"धूळ आहे, दाजी."

अकरा वर्षं ही धूळ पुरली. दाजी चिडायचे, पण त्यांचा राग शेवटच्या पटपर्यंतच, म्हणजे चेंडू हळूच होलमध्ये ढकलायच्या फटक्यापर्यंतच टिकायचा. चेंडू होलच्या डब्यात पडताना टुक असा आवाज होतो. तो ऐकला की त्यांचा चेहरा निवळायचा. आठवडाभराची डेपोतली खडखड त्या एका आवाजाने धुऊन निघते म्हणायचे.

कारण दाजींचा धंदाच कानाचा. बसच्या चाकाबद्दल शंका आली की ते चाक जॅकवर उचलून फिरवायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाच्या मधोमध टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. दाजी डोळे मिटून ऐकायचे. मग एक तर "बेअरिंग गेलं" म्हणायचे, नाही तर "जाऊ दे." त्यांनी जाऊ दे म्हटलं की चाक उघडायचंच नाही, गाडी माणसं भरून रस्त्यावर. डेपोत ही रीतच पडली होती. नवे साहेब आले आणि बदलून गेले, दाजींच्या कानावर कुणी शंका घेतली नाही.

तर गेल्या वर्षी माझ्या खोकल्याचा गुण गेला. मी खोकलो, शिंकलो, किल्ल्यांचा जुडगा पाडला. चेंडू सुतासारखा सरळ. एकशे चौदाचे एकशे सहा झाले, मग सत्त्याण्णव. एका वादळी रविवारी पुन्हा एकशे चार झाले तेव्हा मला जरा बरं वाटलं, पण पुढच्याच महिन्यात अठ्ठ्याऐंशी! मी तोंडाचा आ करून बघत राहिलो. माझी खात्री झाली की हा माणूस चोरून कुणाकडे तरी शिकतोय. मैदानाचे सेक्रेटरी नव्या लोकांना आणून दाजींच्या मागे उभे करायचे आणि म्हणायचे, "बघा, याला म्हणतात एकाग्रता. शेजारी ढोल वाजवा, पापणी हलणार नाही."

ताई वैतागली होती. "घरातही तेच. तीन हाका मारल्या तरी ओ नाही. गोल्फ डोक्यात गेलंय त्यांच्या."

"मोठा खेळाडू झालाय तुझा नवरा, सहन कर," मी म्हणालो. काय अक्कल पाजळली मी!

मग तो रविवार आला. सातव्या होलवर दाजी चेंडूवर वाकले होते आणि मागून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "फोर!" भरकटलेला चेंडू कुणाच्या अंगावर जात असेल तर असं ओरडतात, आणि ते ऐकलं की माणूस विचार न करता डोकं हातांत घेऊन खाली बसतो. मी बसलो. पलीकडे रोपं लावणारा माळी पालथा पडला. दाजी तसेच. चेंडू त्यांच्या कानाला वीतभर अंतर ठेवून सणसणत गेला आणि माझ्या बॅगेवर आदळला. दाजींनी शांतपणे आपला फटका मारला, सुरेख मारला, आणि वळून मला विचारलं, "तू खाली का बसलायस?"

ढोल वाजवला तरी पापणी हलत नाही ती का, हे मला तिथे गवतात बसल्या बसल्या कळलं.

तरी मन मानेना. माझ्या दुकानात तर ते प्रत्येक गोष्टीला उत्तर देतात! बुधवारी ते केस कापायला आले. मी पाठीमागून बोलत होतो, ते हसून उत्तरं देत होते, आणि त्यांची नजर समोरच्या आरशात माझ्या ओठांवर होती. इतकी वर्षं आरसे पुसणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. मी खुर्ची फिरवली, त्यांचं तोंड भिंतीकडे केलं, आणि मानेवरचे केस कापता कापता म्हणालो, "दाजी, ताई पडली. दवाखान्यात नेलंय."

ते अंगावरच्या कापडावरचे केस झटकत राहिले.

मी खुर्ची पुन्हा आरशाकडे केली. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि सगळं ओळखलं.

"कधी कळलं तुला?"

"सातव्या होलवर. आणि तुम्हाला?"

"दीड वर्ष झालं. थोडं थोडं करत गेलं."

"मग डेपोत काय करता?"

त्यांनी बोट दातांवर ठेवलं. "स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरतो. हादरे कवटीत कळतात. अजून एक गाडी चुकलेली नाही." मग आरशातल्या मला म्हणाले, "रविवारी मैदानाची वार्षिक स्पर्धा आहे, ती होऊ दे. आयुष्यात एकदा कप मिळतोय. सोमवारी मी स्वतः सांगतो. ताईला पण, डेपोत पण. तोवर तोंड उघडू नकोस."

जन्मात एक गोष्ट पोटात न राहिलेला मी, ही गोष्ट पोटात ठेवली. माझ्या दाजींना कप मिळणार म्हणून मलाही हौस आली होती, दुसरं काही नाही.

रविवारी शेवटच्या होलवर चार हात अंतर उरलं. गेला तर कप. दाजी वाकले आणि मी खोकलो. खोडी म्हणून नाही. मला वाटलं, कुणी सांगावं, ऐकू येईल. वळून शिवी देतील. कप गेला तरी चालेल. चेंडू सरळ गेला आणि आत पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि दाजी अजून वाकून होलकडे बघत होते. मग माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "वाजला का रे?"

मी होकारार्थी मान हलवली. माझे डोळे भरून आले ते बघून सेक्रेटरी म्हणाले, "असा मेव्हणा हवा!"

सोमवारी सकाळी दाजींनी शब्द पाळला. डेपोचे साहेब ऐकून सुन्न झाले, आणि दाजींनी महिनाभरात नुसत्या कानावर सोडलेल्या सतरा गाड्यांची चाकं त्यांनी त्याच दुपारी उघडायला लावली. सोळा ठीक निघाल्या. सतराव्या गाडीचं पुढचं चाक नुसतं हाताने हलवलं तरी डुगडुगत होतं. उघडलं तर बेअरिंगचा चुरा.

"कधी सोडली होती ही?" साहेबांनी वही मागवली. गुरुवार. माझ्या दुकानातल्या बुधवारनंतरचा गुरुवार.

ती आमच्या रस्त्यावरून धुलाई कारखान्याकडे जाणारी गाडी होती. ताई तिथे कपड्यांना इस्त्री करते. मागे बसलं की तिला मळमळतं, म्हणून ती नेहमी पहिल्या बाकावर, बरोबर त्या चाकावर बसते. शुक्रवारी बसली होती, शनिवारी बसली होती, त्या सोमवारी सकाळीही बसली होती. मी दुकानाच्या दारातून तिला हात केला होता.

ते कळल्यावर दाजी जमिनीवर बसले. रात्री घरी सगळं कळल्यावर ताईने दाजींना काही विचारलं नाही. मला एवढंच विचारलं, "तुला बुधवारीच माहीत होतं?"

आता डेपोत प्रत्येक चाक उघडून बघतात, आणि ते उघडण्याचं काम दाजींकडे आहे. कानात यंत्र आहे. त्यात त्यांना सगळं ऐकू येतं: वारा, पाखरं, बाजूच्याच्या बुटांची करकर. खेळ पार घसरला. पहिल्याच रविवारी नवव्या होलवर ते दोन हातांवरून पट मारायला वाकले आणि थांबले.

"काय मेव्हण्या, आज धूळ नाही का?"

मी प्रयत्न केला. दिवसभर दुकानात बोलणारा मी, माझ्या घशातून आवाजच निघेना. दाजींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि चेंडू ढकलला. तो होलच्या काठावर रेंगाळला आणि पडला.

"वाजला," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांचे एकशे नऊ झाले.