आडाभोवतीचे दगड

परवा टेसनावर आंधळ्यांसाठी बसवलेल्या गोट्यागोट्याच्या पिवळ्या फरशीवर पाय पडला अन् बोरी गावातला आड आठवला. तवा मी नवा गवंडी, अंगात लय मस्ती. बिनकठड्याच्या आडाभोवतीचे खडबडीत दगड शिमिटानं ताटावानी गुळगुळीत केले. गल्लीतला आंधळा आजा पायाला खडबड लागली की थांबायचा. दुसऱ्या दिवशी अनवाणी पाण्याला आला, तो थेट आडात निघाला. मी पळत जाऊन धोतर धरलं. आजा म्हणला, "कोण्या गाढवानं माहे डोळे लिंपले रं?" म्हणलं, "मीच हाय ते गाढव, आजा." मग जात्याला मारतात तसे छिन्नीनं त्या शिमिटाला टोचे मारले. आजानं तळवा फिरवला, म्हणला, "आता दिसायलंय." परवा मीबी डोळे झाकून त्या पिवळ्या फरशीवर चाललो, तर चवथ्या पावलाला खांबाला धडकलो. कागद वाचता येत न्हाई हे ठावं होतं. जमीनबी येत न्हाई.