रिकाम्या हॉलमधला बेस

दुपारी नाट्यगृहात आमच्या बँडचं साउंड चेक चाललं होतं. माझा माइक तपासून झाला, म्हणून मी मधल्या रांगेत, शेजारच्या खुर्चीवर पर्स टाकून बसले होते. आमचा साउंडवाला विलास रिकाम्या हॉलमध्ये सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, मुद्दाम जरा चढा ठेवतो. "आत्ता घुमू दे. माणसं येऊन बसली की आवाज पितात," असं त्याचं म्हणणं.

मला ते पटतं. आई गेल्यावर घरातलं सामान होतं तसंच होतं, तरी माझं बोलणं भिंतींवरून परत यायला लागलं होतं. जवळचं माणूस आपला थोडा आवाज स्वतःकडे ठेवून घेत असावं.

ड्रम वाजला. विलासने सब चढवला, आणखी चढवला. माझी छाती हादरत होती, पण हॉल काही घुमेना. प्रत्येक ठोका भरल्या हॉलसारखा जागीच जिरत होता.

"ताई, मागची दारं उघडी आहेत का गं?" विलासने विचारलं.

"नाही रे. सगळी बंद आहेत."

तो रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिला. मग त्याने सब हळूच खाली आणला.

मी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.