खांबापाशी फोडलेला नारळ

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं जन्मभर कोल्हापुरात गुळाच्या बाजारात हमाली केली. तेव्हा शहाणपणाच्या गोष्टी माझ्याकडं मागू नका. एका छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. फुटबॉल म्हणतात, पण चेंडू हातात धरून पळतात. त्याला इलाज नाही.

बायको माघात गेली. उन्हाळ्यात मुलानं मला जर्मनीला नेलं. तो वाल्डॉर्फला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत, सूनही नोकरीला. राहायला शेजारच्या गावात. दोघं सकाळी गेली की घरात मी आणि फ्रीजची घरघर. रविवारी तर भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. माणूस गेलेलं घरही एवढं गप्प नसतं, आणि मी तसल्याच घरातून आलो होतो. मुलाला बोललो नाही. तो बिचारा रोज विचारायचा, बाबा करमतंय ना. मी हो म्हणायचो.

घरामागच्या रस्त्यानं चालत गेलं की बीटाची शेतं, आणि शेतांच्या कडेला कॉलेजचं मैदान. एका संध्याकाळी तिथं वीसेक गडी दिसले. डोक्याला टोप, खांद्याला फळ्या बांधल्यागत गाद्या. एक हात जमिनीला टेकून समोरासमोर बसले, आणि कुणीतरी ओरडल्याबरोबर धाडकन एकमेकांवर आपटले. मला वाटलं, मारामारी लागली. मी कुंपणावरून ओरडलो, "अरे गाढवांनो, मान मोडंल की एखाद्याची!"

ढिगातला एकजण उठला, टोप काढला आणि थेट माझ्याकडं आला. काळासावळा, कपाळावर घाम.

"काका, कोल्हापूर का?" म्हणाला. "शिवी घरची वाटली."

पोरगा कराडचा निघाला. कॉलेजात इंजिनियरिंगचं शिकत होता. गावाकडं कबड्डी खेळलेला, म्हणून संघानं ओढून नेलेला. त्या दिवसापासून मी रोज जायला लागलो. सराव संपला की तो माझ्यापाशी बसून केळं खायचा आणि बोलायचा. संघाची सगळी कथा मला त्याच्याच तोंडून कळली.

त्या भागात अमेरिकन फौजेची छावणी होती. तिथला एक शिपाई फौजेतून सुटल्यावर परत गेला नाही. इथल्याच बाईशी लग्न केलं आणि बेकरीची गाडी चालवायला लागला. कॉलेजातल्या चार पोरांना त्यानं हा खेळ दाखवला. छावणीतले टाकाऊ टोप आणले, गाद्या आणल्या. कॉलेजनं पडीक जागा दिली. मैदानाच्या दोन टोकांचे ते दोन शिंगांचे खांब पोरांनी स्वतः उभे केले. एक खांब अजून वाकडाच आहे. पहिली वर्षं नुसती हार. मग छावणीतले दोनचार शिपाई येऊन शिकवायला लागले, संघ वरच्या गटात गेला, गावातली माणसं बघायला यायला लागली. तेवढ्यात इराकची लढाई लागली. शिपाई गेले. त्यातल्या एकाचा टोप पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीत खुंटीला टांगलेला होता, तो कुणी घालत नव्हतं. त्याचा मालक लढाईतून परत आला नव्हता.

त्यानंतर संघाला उतरती कळा. कॉलेजची पोरं म्हणजे भाड्याचं बिऱ्हाड, शिकली की निघाली. ट्रेनर मात्र तोच, बेकरीवाला. दर सालाला नवी पोरं धरायचा आणि पहिल्यापासून शिकवायचा. त्याची बायको सामन्याला घरचा केक करून विकायची, त्यातून पट्ट्या आणि मलम यायचं.

त्या साली एका सामन्याला पोरं पुरेशी जमली नाहीत आणि संघ गेलाच नाही. गटाच्या माणसांनी सांगून ठेवलं, पुन्हा असं झालं तर नाव काढणार. आणि नाव निघालं तर कॉलेज त्या जागेवर गाड्या उभ्या करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटचा सामना घरच्याच मैदानावर, रविवारी होता.

शनिवारी मी सुनेला नारळ मागितला. चटणीसाठी आणलेला होता, परदेशी दुकानातला, शेंडी तासलेला, बोडका. कशाला म्हणून तिनं विचारलं. मैदानावर फोडायला, म्हटलं.

ती ओट्यापाशी थबकली. "अहो बाबा, आईंना जाऊन वर्ष नाही झालं अजून," म्हणाली.

ती चुकीची नव्हती. वर्षाच्या आत आपल्या घरात सण नाही, तोरण नाही, नारळ कुठला. मी नारळ परत ठेवला. मुलगा जेवत होता. तो मान वर न करता म्हणाला, "मी पुण्याला कॉलेजला निघालो तेव्हा आजीचं वर्ष चालू होतं. आईनं फोडायला लावला होता."

मला आठवलं. एस.टी. उभी, सगळे नातेवाईक नाक मुरडून उभे, आणि माझ्या हातात नारळ कोंबून बायको म्हणाली होती, "दुःख घरात ठेवा. पोराच्या वाटेत नको." माझीच आई गेलेली, आणि मी निमूटपणे फोडला होता. तिच्यापुढं माझं कधी चाललं?

सुनेनं नारळ पुसून पिशवीत घातला. वर हळदीकुंकवाची पुडी ठेवली.

रविवारी मुलगाही माझ्याबरोबर आला, पहिल्यांदाच. मैदानावर बघतो तर आपली पोरं आठच. बाकीची शहरात राहणारी, त्यांची ट्रेन कुठंतरी अडकली होती. समोरचा संघ पुरा. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला पंच घड्याळाकडं बघत होता. त्यानं सांगितलं म्हणे, सुरुवातीची शिट्टी झाली की ठरलेली मिनिटंच वाट बघणार, तोवर अकरा झाले नाहीत तर सामना समोरच्यांना. ट्रेनर कमरेवर हात ठेवून रस्त्याकडं बघत होता. त्याची बायको केक कापायचा थांबवून उभी होती.

मला तेव्हा पंचाच्या या नियमाचं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक की खेळ सुरू व्हायच्या आत नारळ फुटला पाहिजे. मी गेलो त्या वाकड्या खांबापाशी, बुडाला हळदीकुंकू लावलं, बायकोचं नाव घेतलं आणि बुडाच्या लोखंडावर नारळ आपटला. हमालाचा हात. एकाच फटक्यात फुटला. पाणी उडालं आणि करवंट्या पार हिरवळीवर गेल्या.

शिट्टी वाजली. पण ती खेळाची नव्हती. पंच तरातरा आला, खाली वाकला, करवंटीचा टवका बोटानं चाचपला आणि मान हलवली. कराडचा पोरगा धावत आला.

"काका, हे काय केलं?"

"नारळ फोडला. आपल्याकडं फोडतात तसा."

"टोकदार आहेत म्हणतोय. शेवटचा तुकडा उचलल्याशिवाय सुरू करणार नाही."

आमच्याकडं करवंट्या पडतात तिथं पडतात, पोरं खोबरं पळवतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगा माझ्याकडं बघेल म्हणून मी त्याच्याकडं बघितलंच नाही. पण तो पँट वर करून गुडघ्यावर बसला आणि गवतात हात फिरवायला लागला. मग आठ पोरं बसली. मग ट्रेनरची बायको केकचं रिकामं ताट घेऊन आली, त्यात तुकडे जमायला लागले. शेवटी समोरच्या संघाची धिप्पाड पोरंही आली, टोप बाजूला ठेवून गवत विंचरायला लागली. पंच सगळ्यांत चिकट. एक तुकडा सापडला की दुसरा असणारच म्हणायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून बघायचा.

आम्ही असे ओणवे असतानाच रस्त्याकडून आरडाओरडा ऐकू आला. बानहोफावरून, म्हणजे स्टेशनावरून, आपली पोरं पळत येत होती, पळतापळता गाद्या चढवत होती. ट्रेनरनं त्यांना मोजलं. बोट अकराच्या पुढं गेलं आणि त्यानं तोंडावरून हात फिरवला. पंचानं आणखी एकदा गवत बघितलं, आता झालं म्हणाला, आणि मग शिट्टी वाजवली.

सामना आपण हरलो. सपाटून हरलो. पण संघ उभा राहिला आणि नाव राहिलं. खेळ संपल्यावर ट्रेनरच्या बायकोनं ताटातलं खोबरं धुवून केकच्या तुकड्याबरोबर दोन्ही संघांना वाटलं. पंचानंही घेतलं. घरी चालत येताना मुलगा म्हणाला, "आई म्हणाली असती, बोडका नारळ आणला की असंच होणार." मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या बोलण्यावर हसलो.

वर्षश्राद्ध कोल्हापुरात केलं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. कराडचा पोरगा शिकून ड्युसेलडॉर्फला नोकरीला लागला होता. त्याच्या जागी ढिगात दुसराच कुणी होता, आणि खुंटीवरचा टोप एका नव्या पोराच्या डोक्यावर होता. ट्रेनरनं मला कुंपणाबाहेर नेऊन एक दगड दाखवला. त्या दगडाखाली, करवंट्या गोळा व्हायला, त्याच्या बायकोचं जुनं टेबलक्लॉथ अंथरलेलं होतं. मी पिशवीतून नारळ काढला. सुनेनं या खेपेला फ्रँकफर्टहून शेंडीचा आणून ठेवला होता.