हरतालिकेला उतरवलेली गुळवेल

गुणवंतने मला फसवलं, आणि माझ्या हातून देशकर मॅडमना. गुणवंत मला वाळलेली गुळवेल पुरवायचा. मॅडम कॉलेजच्या लॅबमध्ये कॅन्सर आणि प्रतिकारशक्तीवर संशोधन करतात. मध्ये मी, लकडगंजात जडीबुटीचा होलसेल धंदा करणारी.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी गोदामात होते.

"शोभाताई, तुमच्या नव्या लॉटमध्ये काहीच नाही. पुढचा माल मी दुसरीकडून घेईन."

"काहीच नाही म्हणजे? गुळवेल नाही?"

"गुळवेलच आहे. पण रिकामी."

माझं डोकं फिरलं. फुटपाथवर आवळा-बेहडा विकत मी हे नाव कमावलंय. तशीच स्कूटी काढली आणि भांडायच्या तयारीने लॅब गाठली.

मॅडम भांडल्या नाहीत. काचेची दोन भांडी समोर ठेवली. एकात माझ्या जुन्या लॉटचा पाण्यात काढलेला अर्क, दुसऱ्यात नव्याचा. दोन्हींत अल्कोहोल ओतलं. जुन्यात पांढरे धागे दिसू लागले आणि हळूहळू तळाशी बसले. नव्यातलं पाणी होतं तसंच राहिलं.

"हे पांढरं म्हणजे पॉलिसॅकराइड," मॅडम म्हणाल्या. "साखरेच्या कणांची लांब साखळी. आपल्या शरीरातल्या पहारेकरी पेशी याने जाग्या होतात. जाग्या झाल्यावर कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडतात का, ते मी बघतेय."

"म्हणजे औषधच की!"

"नाही, ताई. हे सगळं अजून काचेच्या ताटलीत आहे. याच्या भरवशावर कुणी केमो सोडली, तर मी आधी त्याला झापेन."

नव्या लॉटने पेशी हलल्याच नव्हत्या. 'गुळवेलीचा परिणाम दिसत नाही' असं लिहायची वेळ मॅडमवर आली होती. त्यांचं दोन महिन्यांचं काम आणि माझं नाव, दोन्ही जाणार होतं.

मी पाकिटातला एक तुकडा मोडला. आत चाकासारखी नक्षी. बरोबर. मग तोंडात टाकला. गुळवेल चघळली की जीभ कडू होते, तोंड बुळबुळीत होतं. हा तुकडा वाळल्या काडीसारखा लागला.

मी प्रत्येक लॉट चघळूनच उतरवते. अख्ख्या बाजाराला हे माहीत आहे. हा एकच चघळला नव्हता, कारण गुणवंतने गाडी नेमकी हरतालिकेला आणली. माझा निर्जळी उपास. "ताई, उपास मोडू नका. मी का परका हाओ?" असं वर म्हणाला. मी मागितला त्या भावाला एका झटक्यात तयार झाला. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती.

लॅबमधूनच त्याला फोन लावला.

"गुणवंत, मले उकळलेला माल विकला तू?"

"काहून तापून राहिल्या, ताई?"

"आधी सांग!"

"काढ्याच्या फॅक्टरीतून उचलला होता. मस्त वाळवला होता ना. गुळवेलच तर हाये, बाभूळ थोडीच दिली तुमाले!"

काढा करणारे गुळवेल पाण्यात उकळतात. त्या साखळ्या पाण्यासोबत निघून जातात. मागे चोथा उरतो. दिसायला गुळवेल, आत काही नाही.

हुडकेश्वरला माझ्या भाचीच्या घरामागे कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः कापली, चघळली, लॅबमध्ये नेली. मॅडमनी अर्क काढून अल्कोहोल ओतलं, तेव्हा मी भांड्याकडे बघत नव्हते.

"ताई, बघा तरी."

पांढरे धागे! मी भांडं उचलून उजेडाकडे धरलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन. "जाग्या झाल्या, ताई."

"कोण?"

"पेशी!"

त्या दिवशी मी गोदामात सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले. त्या लॉटमधून लॅबशिवाय कुणाकडेही माल गेला नव्हता. उरलेली पोती मी खडूने 'चोथा' लिहून कोपऱ्यात लावली आहेत. आता उपासाच्या दिवशी मी गाडी उतरवत नाही.

गुणवंत फोनवर माफी मागतो. मला ती नको. त्याने लॅबमध्ये यावं आणि मॅडमसमोर उभं राहून एवढंच सांगावं: हा चोथा त्याने आणखी कुणाकुणाला औषध म्हणून विकला. नावं सांग, गुणवंत. एकेक नाव.