मालकाची परवानगी

निम्मे वाटाणे सोलून झाले होते, निम्मे परातीत तसेच होते, तेवढ्यात ताई आली. चपलाही न काढता दारातूनच म्हणाली, "मला दुसरा फोन घ्यायचाय. आत्ता. ऊठ."

ताई माझी थोरली बहीण. शिवणकाम करते. तिने लावलेली बाही अशी बसते की शिवण शोधावी लागते. दोघांचं शिंपीकामाचं दुकान होतं; नवरा गिऱ्हाइकांची मापं घ्यायचा, ती बेतायची नि शिवायची. तो वारला तसा तिचा दीर गल्ल्यावर बसला आणि तिचं मशीन घरी पोचतं केलं. "वहिनी, तुम्ही घरबसल्या शिवा. गिऱ्हाइकांचं मी बघतो." सोबत एक फोनही दिला. "हल्ली फसवाफसवी फार. ह्याच्यात बाहेरचं कुणी घुसत नाही." तिचं सिमकार्ड स्वतःच्या हातांनी त्यात घातलं.

त्या फोनवर काही करायला गेलं की अक्षरं उमटायची: मालकाची परवानगी घ्या. पहिल्यांदा ती वाचून ताई ढसाढसा रडली. "अगं, मालक तर गेले माझे. आता कुणाची परवानगी आणू?" मीही वेडी, तिच्याबरोबर डोळे पुसत बसले.

काम मात्र आटत गेलं. दीर म्हणायचा, मंदी आहे. त्या दिवशी माझ्याकडे यायच्या आधी ताईला भाजीबाजारात तिची जुनी गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई भेटली. "डोळे कसे आहेत हो आता? तुमचा फोन लागत नाही. दुकानात म्हणाले, वहिनींना दिसत नाही, शिवण सोडलं त्यांनी."

बाईंनी तिथेच ताईचा फोन उघडून पाहिला. लहान मुलांना देतात तसा तो बांधून दिलेला होता. दिराने नेमून दिलेले घरचे नंबर सोडले तर कुणाचाच फोन आत येत नव्हता. आणि मालक म्हणून नाव होतं दिराचं.

"दुकान घेतलं, ते एक वेळ गिळलं मी," ताई मला म्हणाली. "पण मालक? तो?"

क्षमा करावी, असं मी रोज पोथीत वाचते. त्या दिवशी देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं, आज जरा पलीकडे बघ.

फोनवाल्याने दोन फोन पुढे ठेवले. "हा बंदिस्त. कंपनी देईल तेवढंच घ्यायचं, डोक्याला ताप नाही. हा मोकळा. हवं ते घाला, हवं ते काढा. पण बिघडवलंत तर तुमचं तुम्ही निस्तरायचं. खरं सांगू मावशी, तुमच्या वयाला पहिलाच बरा."

"दुसऱ्याचा मालक कोण?" ताईने विचारलं.

"कोण म्हणजे? तुम्हीच."

"मग तोच बांध."

जुन्या फोनातलं सिमकार्ड नव्यात घातलं. खरी गंमत पुढेच. दुकानाच्या पाटीवर पहिल्यापासून नंबर आहे तो ताईचा. तो लागत नव्हता म्हणून लोक आत शिरायचे. आता पाटी वाचून बाहेरूनच फोन करतात आणि ताई उचलते. "दिसतं हो मला, छान दिसतं. घरी या माप द्यायला." दवाखान्याच्या कोटांचं काम दिराने पटकावून ठेवलं होतं, तेही डॉक्टरीणबाईंनी काढून हिच्याकडे दिलं.

मोकळ्या फोनात ताईने एकच कुलूप घातलं, ते दिराच्या नंबराला.

काल तो घरीच आला. मी तिथे काजं करत बसले होते.

"वहिनी, तुमचा फोन लागत नाही."

"लागतो की. सगळ्यांना लागतो."

"मला नाही लागत."

"परवानगी नसेल. मालकाला विचारा, भाऊजी."

"कोण मालक?"

"मी."

त्याचा चेहरा पाण्यातून काढलेल्या अस्तरासारखा आक्रसला. मला हसू आवरेना. सुई बोटात गेली, तरी हसतच होते.

"घरातल्या घरात असं करायचं का वहिनी? दवाखान्याचे कोटही तुमच्याकडे गेले. दुकान बसेल."

"मंदी आहे," ताई म्हणाली. त्याने दिलेला जुना फोन तिने त्याच्या हातावर ठेवला. "हा न्या. ह्याच्यात बाहेरचं कुणी घुसत नाही."

तो गेल्यावर ती पाणी प्यायली आणि पुन्हा मशीनवर बसली. मी घरी येऊन जप केला. मनाला टोचणी लागेल म्हणून वाट पाहिली, पण लागली नाही.

आज ताई कोटांसाठी पांढरं कापड आणायला जाणार आहे.