मामांनी दुसऱ्याच्या घरात दूध उतू घालवलं

शेगडीवरचं दूध उतू गेलं, मामांनी हात जोडले, आन् त्याच वक्ताला दारात एक पिशवीवाली बाई हुबी ऱ्हाऊन म्हणली, "कोन वो तुमी? माझ्या घरात काय चाललंय?"  बारकं कडंवर, हातात हळदीकुंकवाची ताटली, आमचे मालक, म्हंजी बारक्याचा बा, पाण्याचं बॅरल आत ढकलत हुते ते तसंच उंबऱ्यावर अडकले. मला वाटलं आता पोलीस येत्यात, आन् पयल्यांदा मलाच नेत्यात, कारण शेगडी मी पेटवली हुती. बगा, अख्ख्या दुनियेत दुसऱ्याच्या घराची वास्तू करणारा एकच माणूस जन्माला आला आसंल, आन् ते आमच्या मालकांचे मामा.

मामा साळंत शिपाई हायती, पर्मनंट. लगीन केलं न्हाय. मालकांची आई लवकर गेली, तवा मामांनीच त्यांना वाढवलं, साळंतल्याच जिन्याखालच्या खोलीत. माणूस सोन्यासारखा, पण सस्त्याचं लई याड. वस्तू कशाला लागती हे बगायचंच न्हाय, सस्ती हाय का एवढंच बगायचं. कॅलेंडर श्रावणात घेणार, म्हणणार सरलेल्या महिन्यांचं पैसं कशाला द्यायचं. बेकरीतनं बिस्किटाचा चुरा आणणार, कारण पोटात जाऊन चुराच व्हायचाय की. मी बाळंतीण हुते तवा पिशवीभर चुरा घेऊन दवाखान्यात आले, तर नर्सबाईला वाटलं कसलं तरी गावठी औषध हाय, तिनं इचारलं दिवसातनं किती वेळा द्यायचं. एकदा चपला आणल्या, दोनीबी डाव्या पायाच्या. अर्ध्या किमतीत मिळाल्या म्हणं. मालक म्हणले, उजवा पाय कसा घालणार? तर मामा म्हणले, "आठ दिवसांत शिकतोय त्यो. माणूस शिकतोय, पाय का शिकणार न्हाय?" आन् खरंच, आठ दिवसांनी त्याच चपला घालून आमच्याकडं चालत आले. फक्त सरळ रस्त्यावरबी जरा डावीकडं जात हुते.

तर आमच्या खोलीवाल्यानं सांगितलं, पोराचं लगीन हाय, खोली रिकामी करा. मालक टॉवेलच्या कारखान्यात रोजंदारीवर, आम्हाला कोण दारात हुबं करतंय. मी आपली रोज रडायची, बारक्याला घेऊन कुटं जायाचं म्हणून. मामा आठ दिवस दिसलेच न्हायत, आन् मग एकदम आले ते घर ठरवूनच. एवढं सस्तं की मी इचारलं, भिंती हायती का? हायती म्हणले, चार. पण कागद नुसतं नोटरीचं, बँकवाले घराला कर्ज देईनात. म्हणून मामांनी सोताच्या पगारावर पर्सनल लोन काढलं. मालक नको नको म्हणत हुते, तर मामा म्हणले, "घराच्या कर्जाला घर बघत्यात, ते कच्चं हाय. पर्सनलला माणूस बघत्यात, त्यो पक्का हाय."

त्यातबी घोळ घातलाच. फारमावर लिवलं हुतं, कर्ज कशासाठी पायजे, आन् फुडं चौकोन हुते. घर म्हणलं की परत कागद मागतील ह्या भ्यानं मामांनी पयला चौकोन दिसला त्यावर टिक मारली. त्यो लग्नाचा निगाला. बँकेतल्या सायबानं साळंत फोन करून इचारलं, तुमच्या शिपायाचं लगीन हाय का. झालं. मोठ्या बाईंनी शर्टाचं कापड दिलं, मास्तरांनी अक्कलकोटला जाऊन जोडीनं पाया पडा म्हणून सांगितलं, आन् पोषण आहार शिजवणारी बाई मामांशी बोलायचीच बंद झाली. मामा कुणाला खरं सांगंनात. शर्टाचं कापड परत द्यावं लागंल म्हणून.

आन् आता ह्ये घर. घर विकणाऱ्यानं चावी दिली आन् सांगितलं हुतं, वळीत टोकाकडनं तिसरं. त्या वळीत आठ घरं, सगळ्यांचं पत्रं सारखं, दारं निळी. मामांनी एकदाच बगितलेलं, तेबी भायेरनं, कारण आत बगायचं म्हणलं की भाव वाढतोय म्हणं. पण नव्या घरात पयलं पाऊल टाकायचं तर उगवतीकडनंच यायाचं, ह्ये मामांचं ठाम. म्हणून आमाला गल्लीच्या दुसऱ्या अंगानं फिरवून आणलं, आन् टोकाकडनं तिसरं ते त्या उलट्या टोकाकडनंच मोजलं. चावी फिरंना. मामांनी कुलूप जरा वडलं, तर ते हातातच आलं. म्हणले, सस्त्या घराला सस्तंच कुलूप असणार की. आत भांडी हुती, गादी हुती, देवाचे फोटो हुते. मी म्हणलं मामा, ह्ये कुणाचं? तर म्हणले, सामानासकट दिलंय, बिचारा चांगला माणूस दिसतोय.

त्या बाई आठ दिवस लेकीकडं गेल्या हुत्या. पद्मशाली, तेलुगू विणकरांतल्या बाई, पांढरे केस, डोळं असं मोठं करून आमच्याकडं बगत हुत्या. मी त्यांच्या पाया पडाय वाकले तर ताटलीतलं कुंकू त्यांच्याच पायावर सांडलं. मामांनी मातर काय करावं? उरलेलं दूध पेल्यात वतलं, साखर घातली, आन् त्यांच्याच घरात त्यांना म्हणले, या, बसा, आदी दूध घ्या. बाई बसल्या की वो. दूध प्याल्या. मग हळूहळू सगळं कळल्यावर एवढं हासल्या की पदर तोंडात घालावा लागला. म्हणल्या, तुमचं घर त्या टोकाला, अम्मा, चला दावते. वरनं म्हणल्या शेगडी पुसू नका, माझे मालक वारल्यापासनं ह्या घरात काय उतू गेलं न्हवतं.

तितं दार उघडलं आन् मला कळलं सस्तं का ते. अर्ध्या घरात माग. लोखंडी, यंत्रमाग, तेलानं काळा झालेला, भिंतीपस्तर. आदी माग बसवलेला, मग भिंती बांधलेल्या, आता त्यो दारातनं निगत न्हाय. काढायचा तर भिंत पाडायला लागती. मालक नुसतं भिंतीकडं बगत बसले. मामांनी मागाला हात लावून बगितला, हालवून बगितला, म्हणले घरासंगं कारखाना फुकट मिळाला. पण आवाज बारीक आला. एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला न्हवता.

विकणाऱ्याला फोन लावला. त्यो म्हणला नको असंल तर सांजच्या आत सांगा, पैसं परत देतो, दुसरं गिऱ्हाईक हाय. म्हंजी मामांचं लोन लगेच फिटलं असतं. आन् आमी उद्यापासनं रस्त्यावर. तवा मामा माझ्याफुडं आले. लग्नाला दोन वर्सं झाली, पण कुणी मला असं काय इचारलं न्हवतं. म्हणले, "पोरी, मी आयुष्यभर जिन्याखाली झोपलोय, मला घराचं काय कळतंय. ऱ्हायचं का परत द्यायचं, तू सांग. तू म्हणशील तसं."

मला त्या मागाची भीती वाटत हुती. बारकं आता रांगायला लागंल, तेल, लोखंड, कुटं कुटं बगायचं. आन् पाच वर्सं मामांच्या पगारातनं कापून जाणार ते येगळंच. मामा माझ्याकडं बगत हुते, पोरानं फळ्यावर लिवून बरोबर हाय का म्हणून मास्तराकडं बगावं तसं. मी म्हणलं, "ऱ्हाऊ की मामा. जागा लई हाय."

 मामांनी मागावर हात फिरवला, भायेर गेले, गल्लीत हुबं ऱ्हाऊन आमच्या दाराकडं बराच येळ बगत ऱ्हायले, आन् मग साळंची येळ झाली म्हणून निगाले. मी आत मागाच्या कडंनं आंग तिरकं करून चालत, पोराला छातीशी धरून, भिंतीला टेकले. जागा लई हाय म्हणून खोटं बोलले मी. पण तुमी असता तितं, आन् त्यांनी तुमाला इचारलं असतं, तर तुमी काय म्हणला असता?