टॉवेल-टोपीचा मान

आडगावच्या त्या रो-हाऊसवर माझा जीव जडला होता. खरं तर घरांच्या दलालानं कुठल्याच घरात जीव गुंतवू नये. गिऱ्हाईक ओझरच्या कारखान्यात नोकरीला, अगदी सालस माणूस. सबंध उन्हाळा मी त्याला आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला नाशिकभर घरं दाखवत फिरलो. पाथर्डी फाटा, मखमलाबाद, म्हसरूळ. म्हातारी प्रत्येक ठिकाणी आधी नळ सोडून बघायची, मग खिडकीतून शेजारीण कशी आहे ते बघायची. आडगावला दोन्ही बघून झाल्यावर ओट्याला टेकून म्हणाली, "हे लय ब्येस हाय." तेवढ्या बळावर मी घरी बायकोला शब्द दिला.

शब्द असा, की हा व्यवहार झाला तर दलालीचाच धंदा करीन, नाहीतर दिवाळीनंतर मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसेन. त्याआधी सगळंच मोडत आलं होतं. एका व्यवहारात मालकाच्या बहिणीनं सही द्यायला नकार दिला, एकाचं कर्ज अडलं, एकजण पितृपक्षात "नंतर बघू" म्हणाला तो कायमचाच.

पावसाळ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. "दादा, आईच्या मनात नाही. सध्या थांबतो." मी म्हणालो, काही हरकत नाही. हे वाक्य आता माझी जीभ आपोआप म्हणते. मेहुण्याला होकार कळवून टाकला.

दिवाळी झाली आणि म्हातारीचाच फोन आला. माझं कार्ड तिनं जपून ठेवलं होतं.

"भाऊ, रविवारी वास्तुशांती हाय. तुमी दावलं ना आडगावचं घर, त्याची. जेवायला या बरं का."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझी दलाली वाचवायला पोरानं मालकाला परस्पर गाठलं होतं. गरज सरो, वैद्य मरो. आणि आईला त्यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

जायला नको होतं. मी गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. त्याला जरा लाज वाटू दे, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते घर नांदतं झालेलं बघायचं होतं.

होम आटोपल्यावर म्हातारीनं गवंडी, सुतार, रंगारी यांना ओळीनं बसवून टॉवेल-टोपी दिली. मग मला हाक मारली. "यांच्या पायगुणानं घर घावलं. यांचा बी मान." तिनं टिळा लावला, टोपी स्वतः माझ्या डोक्यावर घातली. पोरगा शेजारी नारळांचं ताट धरून उभा होता. नारळ देताना त्यानं मान वर केली नाही. मी एक शब्द बोललो असतो तर त्याचं पितळ उघडं पडलं असतं, पण म्हातारीचा दिवस नासला असता. बाकीच्यांना मजुरी मिळून वर टोपी मिळाली होती, मला नुसतीच टोपी. राग इतका आला की डोळे भरून आले. म्हातारीला वाटलं, भाऊला गहिवरून आलं. तिनं पाठीवरून हात फिरवला.

पंगतीत निफाडकडचा एक पाहुणा शेजारी बसला होता. "तुमीच का घरं दाखवता? पोरींच्या शाळेसाठी नाशकात यायचंय आमाला. काही हाय का बजेटमधलं?"

नाही म्हणायलाच मी तोंड उघडलं. उद्यापासून दुकान होतं.

"आहे ना," मी म्हणालो. "पंचवटीत आहे. उद्या सकाळी येता का?"

स्वतःचीच शिसारी आली. आणि ज्या घरात मला फसवलं, त्याच घरात पुरी खाता खाता मी आतून खूश झालो होतो.

घरी पोचलो तेव्हा बायको दुकानात न्यायला आणलेला नवा डबा घासत होती. कितीतरी महिन्यांनी ती गुणगुणत होती. "सकाळी भाजी कोणती करू?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "मेथी."